जुलिन्योने सोडलेली जागा

9 डिसेंबर 2022 ची रात्र. मी तेव्हा फर्स्ट इयरला. कॉमन रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ब्राझील पेनल्टीवर क्रोएशियाकडून हरलं आणि अर्धं हॉस्टेल कोणाशी न बोलता झोपायला गेलं. त्या रात्री एका सीनिअरने जाता जाता सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. ब्राझीलच्या त्या 26 जणांत मायदेशातल्या क्लबांकडून खेळणारे फक्त तिघे होते. बाकीचे सगळे परदेशात, त्यातही बहुतेक युरोपात!

पण मित्रांनो, एकेकाळी नेमकं याच्या उलट होतं. युरोपात गेलात की राष्ट्रीय संघाचं दार बंद. त्या काळातल्या एका माणसाबद्दल वाचलं आणि तो काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

त्याचं नाव जुलिओ बोतेल्यो. सगळे म्हणायचे जुलिन्यो, म्हणजे छोटा जुलिओ. जन्म 1929 चा, साओ पाउलोचा. उजव्या बाजूने खेळणारा विंगर. पोर्तुगेजा या क्लबकडून खेळताना त्याचं नाव झालं आणि 1954 च्या वर्ल्ड कपला तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे बर्नमध्ये हंगेरीविरुद्धची क्वार्टर फायनल म्हणजे फुटबॉल कमी आणि मारामारी जास्त. तिघांना मैदानाबाहेर काढलं. ब्राझील 4-2 ने हरलं, पण ब्राझीलचा दुसरा गोल जुलिन्योचा होता.

1955 मध्ये इटलीच्या फिओरेंतिनाने त्याला बोलावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉरेनची ऑफर! तो गेला. पहिल्याच मोसमात फिओरेंतिनाने इटलीचं अजिंक्यपद जिंकलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. 34 सामन्यांत फक्त एक हार, तीसुद्धा अगदी शेवटच्या सामन्यात. पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, हाच संघ युरोपियन कपच्या फायनलला पोचला. माद्रिदमध्ये, रेआल माद्रिदच्या घरच्या मैदानावर, 2-0 ने हरला. फ्लॉरेन्सचे लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते.

आणि ब्राझीलचा संघ? 1955 ते 1958 या तीन वर्षांत जुलिन्यो ब्राझीलकडून एकही सामना खेळला नाही. ऐन उमेदीची वर्षं ती. तेव्हा संघ निवडायचा तो देशात खेळणाऱ्यांतूनच, हा रिवाज. शिवाय युरोपातले क्लब आपला खेळाडू सहजासहजी सोडत नसत. जो गेला तो गेला, असा सगळा मामला.

खरी गंमत पुढे आहे. 1958 चा वर्ल्ड कप जवळ आला तेव्हा जुलिन्योला विचारणा झाली. बंद दार त्याच्यासाठी उघडत होतं. आणि त्याने नाही म्हटलं! जी मुलं ब्राझीलमध्ये राहून खेळताहेत, त्या जागेवर हक्क त्यांचा, असं त्याचं म्हणणं. आपण बाहेरून येऊन कोणाची तरी जागा घ्यायची, हे त्याला पटेना.

संघ स्वीडनला गेला. उजव्या बाजूला पहिले दोन सामने जोएल खेळला. तिसऱ्या सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, गारिंचा आला. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. ब्राझील पहिल्यांदा जगज्जेतं झालं आणि गारिंचा देशाचा लाडका.

त्याच संघातला माझोला त्याच वर्षी मिलानला गेला आणि 1962 चा वर्ल्ड कप चक्क इटलीच्या जर्सीत खेळला. वावा माद्रिदला गेला, परत आला, तेव्हा कुठे 1962 च्या संघात बसला. प्रत्येकाने आपापला हिशोब केला. जुलिन्योचा हिशोब मात्र वेगळाच होता.

1958 मध्येच तो मायदेशी परतला आणि पाल्मेराससाठी खेळू लागला. आता तो घरचाच खेळाडू. 13 मे 1959 ला माराकानावर इंग्लंडविरुद्ध सामना होता. प्रशिक्षक फेओलाने गारिंचाऐवजी जुलिन्योला उतरवलं. नाव पुकारताच लाखाहून जास्त लोकांनी हुर्यो उडवली. विचार करा, ज्याने वर्षापूर्वी दुसऱ्यांसाठी जागा सोडली, त्यालाच दुसऱ्याची जागा घेतली म्हणून शिव्या! जुलिन्योने उत्तर पायांनी दिलं. पहिल्या काही मिनिटांतच गोल. दुसरा हेन्रिकने केला, ब्राझील 2-0 ने जिंकलं. ज्यांनी हुर्यो उडवली, त्यांनीच शेवटी टाळ्या वाजवल्या.

पण वर्ल्ड कप पुन्हा त्याच्या वाट्याला आलाच नाही. पाल्मेरासकडून तो 1967 पर्यंत खेळला. जानेवारी 2003 मध्ये साओ पाउलोतच वारला. जगज्जेत्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं असेल का? मला वाटतं, वाटलंच असेल. वाईट वाटूनही केलं, म्हणून तर ते मोठं.

आता माझी गोष्ट. सातव्या सेमिस्टरला मी इंटर्नशिपला होतो, चार महिने ग्राउंड पाहिलं नाही. परत आल्यावर आठवड्यात इंटर कॉलेज मॅच होती. माझं नाव थेट टीममध्ये लागलं आणि रोज पहाटे साडेपाचला प्रॅक्टिसला येणारा एक ज्युनिअर बाहेर बसला. मला कोणी विचारलं नाही हे खरं, पण मीही काही बोललो नाही. मॅच जिंकलो. फोटोत मी हसतोय. तो बाजूला पाण्याच्या बाटल्या भरतोय.

जुलिन्योबद्दल मी वाचलं ते त्यानंतर. आधी वाचलं असतं तर नाही म्हणालो असतो का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. असो. तो ज्युनिअर आपल्याच हॉस्टेलला आहे, हा अंक त्याच्याही हातात पडेल. समोरासमोर बोलायचं धाडस अजून झालं नाही, म्हणून इथे लिहितो : मित्रा, ती जागा तुझी होती.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी