मधु दंडवते

प्रा. मधु दंडवते (जन्म : अहमदनगर, २१ जानेवारी १९२४, मृत्यू : मुंबई, १२ नोव्हेंबर २००५) हे भारतीय समाजवादी नेते, संसदपटू आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७१ ते १९९१ या काळात त्यांनी लोकसभेत राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. १९७७ ते १९७९ या काळात ते केंद्रीय रेल्वेमंत्री, तर १९८९-९० मध्ये अर्थमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी केलेल्या सुधारणा आणि कोकण रेल्वेसाठी दीर्घकाळ केलेला पाठपुरावा यांसाठी ते विशेष ओळखले जातात.

== प्रारंभिक जीवन ==
दंडवते यांनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. पदवी घेतली. विद्यार्थिदशेत ते १९४२ च्या चले जाव आंदोलनात सहभागी झाले. पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा सहभाग होता. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यादेखील समाजवादी कार्यकर्त्या होत्या. १९८० मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या.

== राजापूर मतदारसंघ ==
१९५७ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर नाथ पै यांचे १८ जानेवारी १९७१ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने दंडवते येथून विजयी झाले. १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ या निवडणुकांतही मतदारांनी त्यांनाच कौल दिला.

सावंतवाडी आणि आजचा दोडामार्ग तालुका यांचा समावेश असलेल्या या मतदारसंघात त्या काळी लोहमार्ग नव्हता. मुंबईला नोकरीस असलेल्या चाकरमान्यांना गावी येण्यासाठी एस.टी. किंवा किनाऱ्याने धावणाऱ्या बोटी यांवर अवलंबून राहावे लागे. बोटी पावसाळ्यात बंद असत. दुसरा पर्याय म्हणजे रेल्वेने बेळगाव गाठून तेथून आंबोली घाटाने खाली उतरणे. अभियंते अ. ब. वालावलकर यांनी स्वातंत्र्यापूर्वीच कोकणातील लोहमार्गाचा आग्रह धरला होता. नाथ पै यांनीही ही मागणी संसदेत मांडली होती. दंडवते यांनी ती पुढे चालवली.

== आणीबाणी ==
२६ जून १९७५ रोजी आणीबाणीच्या आरंभीच दंडवते यांना बंगळूर येथे अटक झाली. लालकृष्ण अडवाणी व अटलबिहारी वाजपेयी हेही त्या वेळी तेथे पकडले गेले. दंडवते बंगळूरच्या, तर प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या.

== रेल्वेमंत्री ==
मार्च १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा सेवेत घेतले. त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात प्रवाशांना लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. आरंभी काही प्रमुख गाड्यांपुरती असलेली ही सोय पुढे देशभर पसरली. २६ डिसेंबर १९७७ रोजी हावडा–मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. वर्गभेद नसलेली लांब पल्ल्याची गाडी म्हणून ती ओळखली गेली.

कोकणातील लोहमार्गाच्या दृष्टीने आपटा–रोहा या टप्प्याला मिळालेली मंजुरी महत्त्वाची ठरली. तोवर मार्ग पनवेलच्या पुढे आपट्यापर्यंतच पोहोचला होता. जुलै १९७९ मध्ये सरकार पडल्याने त्यांचे मंत्रिपद गेले. रोह्यापर्यंतचा मार्ग १९८६ मध्ये सुरू झाला; त्यापुढील कामासाठी मात्र निधी उपलब्ध होत नव्हता. सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि नद्या ओलांडण्याचा खर्च मोठा होता आणि त्या मानाने परतावा कमी मिळेल, असे गृहीत धरले जात होते.

== अर्थमंत्री आणि कोकण रेल्वे ==
डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. दंडवते यांच्या कार्यकाळात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला.

कोकण रेल्वेसाठी नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पाबाहेरचा मार्ग शोधण्यात आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला. उर्वरित भांडवल मुख्यतः कर्जरोख्यांतून उभारले गेले. ई. श्रीधरन यांच्याकडे महामंडळाची धुरा आली आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे पायाभरणी झाली. दोन महिन्यांच्या आत सरकार पडले, परंतु महामंडळ स्वतंत्र असल्याने काम चालू राहिले.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरमधून दंडवते यांचा काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी पराभव केला. त्यामुळे सिंधुदुर्गात पहिली गाडी आली तेव्हा ते तेथील खासदार नव्हते. महाराष्ट्र–गोवा सीमेजवळील पेडणे बोगद्यात मऊ माती ढासळत राहिल्याने अखेरचा टप्पा लांबला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गाचे उद्घाटन झाले.

== उत्तरायुष्य आणि लेखन ==
१९९६ ते १९९८ या काळात दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. मार्क्स व गांधी यांच्या विचारांचा तौलनिक अभ्यास, युसूफ मेहेरअली यांचे चरित्र आणि 'डायलॉग विथ लाइफ' हे आत्मकथन ही त्यांची इंग्रजी पुस्तके आहेत. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे देहदान करण्यात आले.

== वारसा ==
सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आदी स्थानके या मार्गावर आहेत. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळ्या झालेल्या दोडामार्ग तालुक्यात मात्र एकही स्थानक नाही. तेथील प्रवासी सावंतवाडी किंवा गोव्यातील थिवी स्थानक गाठतात. मार्गावरून जाणाऱ्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या जिल्ह्यातील लहान स्थानकांवर थांबत नाहीत. त्यामुळे दादर–सावंतवाडी तुतारी एक्सप्रेससारख्या येथूनच सुटणाऱ्या गाड्यांना स्थानिकांच्या दृष्टीने महत्त्व आहे. सावंतवाडी टर्मिनस पूर्ण करावे, थांबे वाढवावेत आणि दिव्यापर्यंत मर्यादित केलेली रत्नागिरी पॅसेंजर पूर्ववत दादरपर्यंत न्यावी, या मागण्या प्रवासी संघटना करीत आल्या आहेत. सावंतवाडी टर्मिनसला दंडवते यांचे नाव देण्याची मागणीही त्यांत आहे.