नहपान : चांदीवर उरलेला राजा

जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला आपण अनेकदा जातो. वेळ असला तर पांडवलेणीही पाहतो. परंतु तेथील भिंतींवर कोरलेल्या ब्राह्मी लेखांपाशी फारसे कोणी थांबत नाही. त्या लेखांत ज्याचे नाव आढळते तो क्षत्रप नहपान आपणास पाठ्यपुस्तकातून गौतमीपुत्र सातकर्णीचा पराभूत शत्रू एवढाच ठाऊक असतो. या पराभूत राजाचे चरित्र त्याच्या नाण्यांतून मात्र आजही वाचता येते.

नहपान हा क्षहरात कुळातला. त्याच्या आधी भूमक हा क्षत्रप होऊन गेला. इ. स. च्या पहिल्या शतकात नहपानाची सत्ता भडोचपासून नाशिक, जुन्नरपर्यंत पसरली होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तो काळ रोमशी चालणाऱ्या सागरी व्यापाराचा होता. ग्रीसच्या नगरराज्यांची चांदीची नाणी रोमच्या सत्तेपुढे मागे पडली होती. भडोचच्या बाजारात मात्र मिनँडरसारख्या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालत आणि रोमन दिनारांनाही चांगला भाव मिळे. तशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

नहपानाने या दोन्ही परंपरा आपल्याशा केल्या. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतील लेख आहे. लिपी ग्रीक असली तरी भाषा प्राकृत! दुसऱ्या बाजूस बाण व वज्र असून ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरे आहेत. चेहऱ्याच्या घडणीत अनेकांना रोमन नाण्यांची छाया दिसते.

या काळात पैसा कसा वापरला जाई ते त्याचा जावई उषवदात याच्या लेखांवरून कळते. दक्षमित्रेच्या या पतीने गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीत २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२! ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, हा दरही तेथेच मिळतो. शूर्पारक म्हणजे आपल्या जिल्ह्यातील सोपारा. तेथे त्याने धर्मशाळा बांधली आणि दमणा, डाहणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आपल्या वाघ नदीचे पाणी ज्या दमणगंगेस मिळते, तीच ही दमणा होय.

पुढे गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला. उषवदाताचे शेत त्याने भिक्षूंना दान दिले. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला होता. नाणी वितळवली असती, तर नहपानाचा चेहरा कायमचा पुसला गेला असता. पण ठशाखालून तो आजही डोकावतो.

इतकेच नव्हे, पुढच्या सातवाहनांनीही राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. रणांगणात हरलेल्या नहपानाची नाणे पाडण्याची रीत जेत्याच्या वंशजांनीच पुढे चालवली. इतिहास वाचताना जेत्याच्या ठशाखालचा चेहराही निरखून पाहावा, हीच त्याच्या चरित्राची शिकवण होय.