चाळीसगावची फरशी आणि दोन रुपयांची फी

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. 1937 साली धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्यासाठी आलेले बाबासाहेब त्या बंगल्यात थांबले होते. ही आठवण खानदेशातील आपला समाज अभिमानाने जपतो. त्याआधी आठ वर्षे चाळीसगावात जे घडले, त्याची मात्र यात्रा भरत नाही. ती आठवण दुखरी आहे, म्हणूनही असेल.

1929 साल. अस्पृश्य आणि आदिवासींच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि त्यांच्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार घातला होता. तिथली चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. टांगे भरपूर होते, तरी तासभर कोणी हलेना. शेवटी एक टांगा आला. बाबासाहेब बसले आणि बाकीचे लोक आडवाटेने पायी निघाले. थोड्याच अंतरावर टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवर कठडे नसलेली फरशी होती. तिच्या वळणावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. त्यांची शुद्ध हरपली, पायाचे हाड मोडले. पुढे अनेक दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना.

खरे कारण त्यांना नंतर कळले. अस्पृश्य प्रवाशाचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी यावे, हे आपल्या लोकांना सहन होईना. म्हणून तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुम्ही आणा. ज्याच्या हाती लगाम दिले, त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला, तेव्हा आपल्या माणसांनाही सोडले नाही. मान राखण्याच्या नादात त्यांनी जीव धोक्यात घातला, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षा टांगेवाल्याला स्वतःची जात मोठी वाटत होती, हा त्यातला दुसरा धडा.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात चाळीसगावची ही हकीकत आहे. त्यातच काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकतही आहे. ती त्या शिक्षकाच्या पत्रातून 1929 च्याच डिसेंबरात गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, तोही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने ते परत आले. रोग्याला हात न लावताच न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे तब्येत बिघडली, पण फी मिळूनही डॉक्टर पुन्हा आला नाही. बाई गेली. औषध गावात होते, डॉक्टर होता, पैसेही दिले होते. मग काय नव्हते, ते बाबासाहेबांच्या पुढच्या कामातून दिसते.

खरे तर रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 सालीच मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांच्या जोडीला सरकारी दवाखानेही त्यात अस्पृश्यांना खुले केले होते. महाडचे चवदार तळे आपल्या सर्वांना माठ-घागरीइतके ओळखीचे आहे. त्याच ठरावातला दवाखाना आपण विसरतो.

बाळंतिणीचा प्रश्न बाबासाहेबांना परका नव्हता. त्यांची स्वतःची चार अपत्ये बालपणीच दगावली होती, एकटे यशवंत जगले. 28 जुलै 1928 रोजी कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठीचे प्रसूती लाभ विधेयक चर्चेला आले. तेव्हा ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. मालकाच्या दयेचा त्यात प्रश्नच नव्हता. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. नऊ वर्षांनी, 1938 च्या नोव्हेंबरात, त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. तो मात्र फेटाळला गेला.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. खाणकामगार स्त्रियांचा प्रसूती लाभ कायदा त्यांनी सुधारला. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून स्त्रियांना पुन्हा खाणीत उतरवण्याचा सरकारी निर्णयही त्यांनाच सभागृहात समर्थावा लागला, हेही लपवू नये. ही बंदी 1946 मध्ये परत लागू झाली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत आला. त्यावर उभा राहिलेला राज्य विमा कायदा 1948 चा. आजारी पडल्यावर ईएसआयच्या दवाखान्यात जाणारा कामगार उपकार मागत नाही, त्याची वर्गणी भरलेली असते.

संविधानात कलम 42 प्रसूती साहाय्याचे आहे, कलम 47 सार्वजनिक आरोग्याचे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, ही उणीव खरीच. पण रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका मजुराला पश्चिम बंगालच्या सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कलम 21 वर बोट ठेवले. तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली.

काठियावाडच्या त्या डॉक्टरसारख्यांसाठी मात्र वेगळा कायदा लागला. अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक 16 सप्टेंबर 1954 रोजी राज्यसभेत चर्चेला होते. बाबासाहेब तेव्हा मंत्री नव्हते, तब्येत खालावलेली होती. तरी ते सविस्तर बोलले. शिक्षा फार सौम्य आहेत, ही त्यांची एक तक्रार. दुसरी नावाबद्दल. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांऐवजी नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा असे नाव हवे, असे त्यांचे म्हणणे होते. 1955 मध्ये कायदा आला. अस्पृश्यतेच्या कारणाने रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणाऱ्याला कलम 5 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वर्षी, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. कायद्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण’ व्हायला 1976 साल उजाडले.