२९ जूनचे मानकरी

२९ जून हा आपला सांख्यिकी दिन आणि संयुक्त राष्ट्रांचा उष्ण कटिबंध दिनही. दिनविशेषांच्या या गर्दीत प्रशांतचंद्र महालनोबिस हारापुरतेच उरावेत, हे खेदजनक होय. १८९३ साली याच दिवशी जन्मलेले हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक संख्याशास्त्रात रमले आणि १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली. मोजकी शेते निवडून बंगालभरच्या तागाचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखविले. गरीब देशाला परवडणारी मोजणी ती हीच. दुसऱ्या योजनेतील अवजड उद्योगांवरचा त्यांचा भर वादग्रस्त ठरला, आणि ते योग्यच. परंतु १९७१ मध्ये दांडेकर-रथांनी पुण्यात दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो महालनोबिसांनीच १९५० मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर! २०२१ साली सांख्यिकी दिन पाळला गेला. त्या वर्षीची जनगणना मात्र महासाथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे लांबत राहिली.