धन्वंतरी महालाचे राजे

तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. त्यांच्याकडे किल्ला आणि आसपासचा भाग तेवढा राहिला. तलवार गाजवायला वाव नव्हता, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास होई. डोळ्यांच्या रुग्णांची लक्षणे आणि उपचार लिहून ठेवले जात, डोळ्यांची चित्रेही काढली जात. ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत.

सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. इंग्लंडात जेन्नरने १७९८ मध्येच देवीच्या लशीवर पुस्तक छापले, पण ती लागू का पडते हे त्यालाही ठाऊक नव्हते. आज आपण ते शिकतो. गायीच्या देवीचा सौम्य विषाणू शरीरात शिरला की काही पांढऱ्या पेशी त्याची ओळख जपून ठेवतात. पुढे खरी देवी आली, तर तिला लगेच अडवतात. म्हणजे शरीरही नोंद ठेवते.

सरफोजी १८३२ साली वारले. शत्रू दिसत नसताना त्याच्या खुणा टिपून ठेवायला लावणारा हा राजा मला खरा सेनानी वाटतो.