कर्मवीर भाऊराव पाटील आणि इमारतीचा पहिला हिशेब

कोणत्याही ज्ञातिसंस्थेचे चार सभासद एकत्र बसले म्हणजे आज ना उद्या इमारतीची गोष्ट निघतेच. कुणी वसतिगृह सुचवितो, कुणी सभागृह, कुणी निदान कार्यालयापुरत्या दोन खोल्या. मग खर्चाचा प्रश्न येतो आणि येथेच पुष्कळ ठराव अडखळतात. मोठा आकडा ऐकून कित्येक संस्था इतक्या धास्तावतात की, त्यांचा ठराव इतिवृत्ताच्या वहीतच राहतो. दुसऱ्या कित्येक संस्था सभासदांनी बिचकू नये म्हणून आकडा मुद्दाम कमी सांगतात. त्यांच्या अर्ध्या भिंती मग पावसात भिजत उभ्या राहतात. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शिक्षकी पेशात आयुष्य घालविताना या दोन्ही तऱ्हा आम्ही पुष्कळ पाहिल्या. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी याच भूमीत वाढलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र या एका बाजूने सांगावे असे आम्ही योजिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आपल्या सभासदांस नवे नाही. त्यांचा त्याग व शिक्षणकार्य यांविषयी आपण वाचलेले आहे. परंतु हाती द्रव्य नसता इमारती उभ्या करणाऱ्या या पुरुषाचा व्यवहार काय होता, याचा विचार त्या मानाने थोडा होतो.

भाऊरावांचा जन्म दि. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. कुंभोज हे आज कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. घराण्याचे मूळ गाव मात्र वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांची बदली जेथे होईल तेथे बिऱ्हाड जाई. भाऊरावांचे काही शिक्षण विटे येथे झाले व पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले. इंग्रजी सहावीपलीकडे त्यांची मजल गेली नाही. शरीर मात्र धिप्पाड आणि मन त्याहून निर्भय होते.

कोल्हापुरात त्यांनी शाहू महाराजांचे कार्य जवळून पाहिले. खेड्यातील मुलगा शहरात शिकावयाचा तर त्याला प्रथम राहण्याची व जेवणाची सोय पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांच्या आश्रयाने तेथे निरनिराळ्या जातींची वसतिगृहे निघाली. त्या काळी तीच वाट मोकळी होती. भाऊराव स्वतः जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला. या कारणावरून त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. छप्पर असूनही माणसाला बाहेर कसे काढता येते, याचा धडा त्यांना कोवळ्या वयातच मिळाला. पुढे त्यांनी बांधलेल्या प्रत्येक छपरावर या धड्याची छाया आहे असे आम्हांस वाटते.

शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास आले व शिकवण्या करू लागले. लोक त्यांस पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. नंतर काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले व पुढे साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांचे पाय खेडोपाडी लागले. कोणत्या गावी दगड आहे, कोणत्या गावी पाणी आहे, सुगीनंतर कुणाच्या कणगीत धान्य असते व रोख पैसा मात्र कुणाच्याच पेटीत कसा नसतो, हे असा फिरता माणूस जितके जाणतो तितके कचेरीत बसणारा जाणत नाही. शेतकऱ्याला नांगर नुसता स्वस्त सांगून भागत नसे. तो किती वर्षे टिकेल व मोडल्यास काय, हेही सांगावे लागे. ही दृष्टी पुढे त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

या काळात मिरज तालुक्यातील दूधगाव, वाळवे तालुक्यातील नेर्ले व कराड तालुक्यातील काले अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या सोयीचे प्रयत्न त्यांच्या हातून झाले. काले येथे दि. 4 ऑक्टोबर 1919 रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहास 1927 साली महात्मा गांधींनी भेट दिली व छत्रपती शाहूंचे नाव त्यास देण्यात आले.

येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी मुले आली, मग त्यांची चूल पेटली आणि इमारतीचा विचार त्यानंतर झाला. सामान्यतः संस्था याच्या उलट वागतात. प्रथम सुंदर नकाशा काढतात, कोनशिला बसवितात आणि नंतर आत कोण राहणार याची चौकशी करतात. आधी वीस मुले भाड्याच्या वा मागून घेतलेल्या जागेत वर्षभर राहिली, तर किती पाणी लागते, किती धान्य लागते, निजावयास किती जागा पुरते, हे अनुभवाने कळते. इमारतीच्या पहिल्या अंदाजास याहून भक्कम आधार दुसरा नाही.

अंदाज म्हणजे काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. चाळीस फूट लांब व वीस फूट रुंद अशी एक खोली बांधावयाची आहे. जोत्याचे क्षेत्रफळ 800 चौरस फूट झाले. परिसरात तशाच इमारतीस दर चौरस फुटास काय पडले हे विचारून त्याने गुणावे, हा ठोकळ अंदाज. जागा पाहण्याच्या वेळी एवढाच हाती असतो व तो कमीअधिक होणारच, हे सर्वांनी समजून असावे. दुसरी रीत मापांची. चारी भिंतींची लांबी 120 फूट, उंची 10 फूट व जाडी दीड फूट धरली, तर दारे-खिडक्या वजा न करता 1800 घनफूट, म्हणजे 18 ब्रास दगडकाम झाले. पाया तीन फूट रुंद व चार फूट खोल धरला तर 1440 घनफूट खोदाई झाली. मग चुना, वाळू, तुळया, कौले वा पत्रे आणि गवंडी, सुतार, पाथरवट व बिगारी यांची मजुरी. प्रत्येक बाब अशी अलग मांडली म्हणजे कोणती बाब रोख पैशानेच येते व कोणती पैशावाचूनही येऊ शकते, हे स्वच्छ दिसू लागते.

भाऊरावांच्या संस्थेचे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारच्या बाबींत होते. गावकऱ्यांकडून त्यांनी जागा मिळविल्या, धान्य मिळविले, आणि मुलांच्या हाती कुदळ व पाटी दिली. साताऱ्यास 1940 साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलातील मुले काम करून शिकत. चार भिंतींच्या टेकडीखालची उजाड जमीन मुलांच्या श्रमाने कसास आली. रयतेच्या इमारतींसाठी मुलांनी दगड फोडले, माती वाहिली व पाया खणला. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद होते व अंदाजपत्रकात त्याला एक स्वतंत्र रकाना होता असे म्हटले तरी चालेल.

तथापि मुलांचे श्रम फुकट असतात असा समज कुणी करून घेऊ नये. दोन प्रहर माती वाहणारा मुलगा एक भाकरी अधिक खातो, आणि त्याचा अभ्यासाचा वेळ त्यातून राखून ठेवावा लागतो. शिवाय कोपरा ओळंब्यात धरणे हे गवंड्याचे काम आहे, ते उत्साहाने होत नाही. श्रमदानाने खोदाई व वाहतूक यांचा खर्च वाचतो, कसबी कारागिराचा व लोखंडाचा वाचत नाही. ज्या संस्था श्रमदान होणार म्हणून सरसकट निम्मा आकडा धरतात त्यांची छपरे याच कारणाने अडतात.

आणखी एक बचत अशी आहे की, जिचा उल्लेख ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत करताना थोडे धैर्य लागते. भाऊरावांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंगतीस बसत. जेथे प्रत्येक जातीस निराळी चूल, निराळा रांजण व निराळी खोली लागते, तेथे वीस मुलांच्या इमारतीस चाळीस मुलांचा खर्च येतो. भाऊरावांनी सहभोजन काटकसरीसाठी केले नाही, ते न्यायासाठी केले. पण न्यायाची एक चूल अन्यायाच्या चार चुलींपेक्षा स्वस्त पडते, हेही त्यातून सिद्ध झाले.

आता या चरित्रातील अत्यंत करुण भाग सांगितला पाहिजे. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची जेव्हा भ्रांत पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले व अखेरीस मंगळसूत्रही दिले. जातपात न पाहता त्यांनी त्या मुलांचे आईच्या मायेने केले. 1930 साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे पुढचे वैभव त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्यांच्या त्यागास आम्ही वंदन करतो. परंतु अंदाज मांडणाऱ्याने या प्रसंगापुढे थोडे थांबून विचारही केला पाहिजे. जी बाब कागदावर धरली जात नाही ती नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर पडते. आणि बहुधा जी व्यक्ती सभेत बोलत नाही तिच्या अंगावर पडते. इमारत उभी राहिल्यानंतर दरमहा लागणारे धान्य, दिवाबत्ती, दुरुस्ती व स्वयंपाकी यांचा हिशेब पहिल्या दिवशीच मांडला, तर एखाद्या माउलीच्या गळ्यातील सोने शाबूत राहते.

दुसरा धडा सरकारी अनुदानाचा. स्वातंत्र्यानंतर लवकरच तेव्हाच्या मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान काही काळ बंद केले होते. शाळा पुष्कळ, शिक्षक पुष्कळ, आणि येणारा पैसा अकस्मात थांबलेला. गाडगे महाराजांसारख्या संतांनी मध्ये पडून शब्द टाकला, लोक पाठीशी उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. संस्था त्या आघातातून वाचली, कारण तिची मुळे खेड्यात खोल गेली होती. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह त्या वेळी सार्थ ठरले. ज्या संस्थेच्या जमेच्या बाजूस एकच मोठी रक्कम असते, तिने ती रक्कम वर्षभर आली नाही तर काय, हे आरंभीच लिहून ठेवावे.

1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय व 1954 साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले. शेकडो प्राथमिक शाळा, शंभराहून अधिक माध्यमिक शाळा व अनेक वसतिगृहे असा संस्थेचा विस्तार भाऊरावांच्या हयातीतच झाला. पुणे विद्यापीठाने त्यांस 1959 साली सन्मान्य डी. लिट. दिली व भारत सरकारने त्याच वर्षी पद्मभूषण दिले. दि. 9 मे 1959 रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने एवढा पसारा उभा केला, तो हाती पैसा होता म्हणून नव्हे. गावात काय आहे हे त्याला पैसेवाल्यांहून चांगले ठाऊक होते.

आज काळ पालटला आहे. दगड-चुन्याची जागा सिमेंट व लोखंडाने घेतली, सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची सर्वांस पाहावयास मिळते, आणि कोणताही ठेकेदार चौरस फुटाचा दर तोंडावर सांगतो. पण त्या दरात कुंपण, कूपनलिका, विजेची जोडणी, सांडपाणी, परवान्याचे शुल्क, वास्तुविशारदाची फी व कर धरले आहेत की नाहीत, हे विचारल्याखेरीज तो आकडा निरर्थक आहे. काम दोन वर्षे लांबणार असेल तर मधल्या भाववाढीसाठी व अनपेक्षित बाबींसाठी वेगळी रक्कम ठेविली पाहिजे. काळी जमीन असेल तर पाया किती खोल जाईल हे एक खड्डा खणून आधी पाहावे. तो खड्डा पुढची पुष्कळ वाढ वाचवितो.

आपल्या संस्थेपुढे केव्हा ना केव्हा वसतिगृहाचा ठराव येईल. त्या दिवशी सभासदांनी एका मोठ्या कागदावर चार रकाने आखावेत अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्यात आपल्यापाशी पैशावाचून काय आहे, दुसऱ्यात काय रोखीनेच आणावे लागेल, तिसऱ्यात इमारत झाल्यावर दरसाल काय लागेल आणि चौथ्यात तेथे कोणकोणती मुले राहतील, हे लिहावे. चौथा रकाना भरताना केवळ आपल्या ज्ञातीची मुले लिहून लेखणी थांबू लागली, तर कर्मवीरांच्या पंगतीचे स्मरण करावे व एका खोलीची तरी दारे सर्वांसाठी उघडी ठेवावीत. त्या एका खोलीने अंदाजपत्रक फारसे वाढत नाही, हे आम्ही हिशेबानिशी सांगू शकतो.