हॅरॉल्ड लॉइड

चित्रपट मुके होते, त्या काळी अमेरिकेत हॅरॉल्ड लॉइड हा विनोदी नट फार लोकप्रिय होता. त्याचा जन्म १८९३ सालचा. १९१९ साली छायाचित्र काढून घेताना, खोटा समजून हाती धरलेला बाँब खरोखरच फुटला! उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी ही दोन्ही बोटे गेली. पण लॉइडने धीर सोडला नाही. खास हातमोजा चढवून तो पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. १९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट’ या चित्रपटात तो उंच इमारत चढता चढता घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. वस्तुतः ती भिंत एका गच्चीवर उभारलेली होती. खाली गाद्याही होत्या. तथापि काटा धरणाऱ्या उजव्या हाताला तीनच बोटे होती. प्रेक्षक मात्र पोट धरधरून हसत होते.